पाचवा डाउन

चारपर्यंत मोजायला कितीशी अक्कल लागते, बॉस? गणपतीच्या मिरवणुकीत ‘एक-दोन-तीन-चार’नंतर काय ओरडायचं हे के.जी.तल्या पोरालाही पाठ असतं. पण ६ ऑक्टोबर १९९० च्या शनिवारी अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या कोलंबिया नावाच्या गावात, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेल्या पंचांच्या अख्ख्या टोळीला चारपर्यंत मोजता आलं नाही. तीन दशकं उलटून गेली, पण तिथल्या माणसासमोर नुसतं ‘पाच’ म्हणून बघा. चेहरा असा होतो, की तुम्ही त्याचं घर लुटलंय.

विषय आहे अमेरिकन कॉलेज फुटबॉल. पान उलटू नका, दोन मिनिटांत गेम समजावतो. आपल्याला फुटबॉल म्हणजे बायचुंग भुतिया आणि चार वर्षांतून एकदा अंगात संचारणारं ब्राझील. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यावर गाद्या, अंड्याच्या आकाराचा बॉल आणि बहुतेक सगळं काम हातानं. पाय नावापुरता. ज्या टीमकडे बॉल आहे तिला दहा यार्ड पुढं सरकायला चार चान्स मिळतात. त्या प्रत्येक चान्सला म्हणायचं डाउन. दहा यार्ड झाले की नवे चार डाउन, नाही झाले तर बॉल समोरच्याचा. समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे बॉल नेला की टचडाउन, सहा पॉइंट. कबड्डी कळणाऱ्या माणसाला एवढं पुरे. आणखी एक गोष्ट : साइडलाइनला एक जण पाटी घेऊन उभा असतो, कितवा डाउन चालू आहे ते दाखवणारी. ती पाटी लक्षात ठेवा.

तर, मिझुरी ३१, कोलोरॅडो २७. मॅचचं शेवटचं अर्धं मिनिट. कोलोरॅडोची टीम गोल लाइनपासून फक्त तीन यार्डांवर. पहिला डाउन : क्वार्टरबॅक चार्ल्स जॉन्सननं बॉल हातात घेतला आणि सरळ जमिनीवर आपटला. याला स्पाइक म्हणतात. घड्याळ थांबवायची आयडिया, पण त्यात एक डाउन खर्ची पडतो. दुसरा डाउन : एरिक बिएनिमी बॉल घेऊन घुसला, एक यार्ड राहिला. कोलोरॅडोनं टाइमआउट घेतला. आणि इथं माशी शिंकली. टाइमआउटच्या गडबडीत पाटीवरचा आकडा बदलायचा राहून गेला.

तिसरा डाउन, पाटीवर दोन. बिएनिमी पुन्हा घुसला, पुन्हा अडवला. चौथा डाउन, पाटीवर तीन. घड्याळात काही सेकंदच उरलेले, म्हणून जॉन्सननं बॉल पुन्हा जमिनीवर आपटला. खल्लास! चार डाउन संपले, बॉल मिझुरीचा, मॅच मिझुरीची. पण पाटीवर आता ‘चार’ झळकत होतं आणि घड्याळात दोन सेकंद बाकी होते. जॉन्सन स्वतःच बॉल घेऊन घुसला, रेषेवर पडला आणि पंचाचे दोन्ही हात वर गेले. टचडाउन! कोलोरॅडो ३३, मिझुरी ३१. गंमत म्हणजे, तो रेषेपलीकडे पोचलाच नव्हता, असं मिझुरीवाले आजही सांगतात. म्हणजे बघा, जो डाउनच नव्हता त्यात जो टचडाउन नव्हता, त्यावर मॅच गेली.

आता तुम्ही म्हणाल, मॅच टीव्हीवर होती, कॅमेरे होते, पाच बोटं सगळ्यांना आहेत, मग दुसऱ्या दिवशी रिझल्ट बदलून टाकायचा. नाही. बिग एट म्हणून ज्या कॉन्फरन्समध्ये या दोन्ही टीम होत्या, तिनं पंचांना सस्पेंड केलं आणि वर सांगितलं, की मॅच संपली की संपली, निकाल फिरवायची सोय नियमांत नाही. चूक झाली हे कागदावर मान्य. चुकीचं फळ मात्र ज्याचं त्याच्याकडेच.

आणि फळ साधंसुधं नव्हतं. त्या काळात कॉलेज फुटबॉलचा नॅशनल चॅम्पियन ठरवायला फायनल मॅच नसायची. पत्रकार एक यादी करायचे, कोच दुसरी, मतदानानं. ऐकायला अगदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षासारखं वाटतं, पण होतं तसंच. त्या सीझनला पत्रकारांनी नंबर वन केलं कोलोरॅडोला. कोचेसनी केलं जॉर्जिया टेकला, तेही अवघ्या एका पॉइंटच्या फरकानं. जॉर्जिया टेक अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरलं नव्हतं, एक बरोबरीत सुटली होती. कोलोरॅडो एक हरलं होतं, एक बरोबरीत सुटली होती. हिशेबानं दोन हरायला हव्या होत्या. म्हणजे चिडणारं एक कॉलेज नाही, दोन.

क्रिकेटवाल्या देशात राहून आपण अशा जखमांना अनोळखी नाही. स्टीव्ह बकनर हे नाव निघालं की आपल्या पिढीच्या कपाळाची शीर अजून उडते. २००३ ला ब्रिस्बेनमध्ये गिलेस्पीचा वर जाणारा बॉल, सचिन शून्यावर एलबीडब्ल्यू. २००८ च्या जानेवारीत सिडनीला सायमंड्स ३० वर असताना कड लागून बॉल धोनीच्या ग्लव्हजमध्ये, बकनरसाहेब ढिम्म, आणि सायमंड्स नाबाद १६२. पण नंतर काय झालं आठवा. पुढच्या टेस्टला बकनरना बाजूला केलं आणि पर्थच्या त्याच टेस्टमध्ये आपण कांगारूंना धुतलं. दोन आठवड्यांत अर्धी जखम भरली.

कॉलेज फुटबॉलमध्ये ही सोयच नाही. नेहमीच्या सीझनमध्ये जेमतेम डझनभर मॅच. एक हरलात की वर्ष गेलं. चार टीमचा प्लेऑफ २०१४ च्या सीझनपासून आला, बारा टीमचा २०२४ पासून. त्याआधीची कित्येक दशकं एक हार म्हणजे जवळजवळ पूर्णविराम. खेळाडूही चार-पाच वर्षांत पास होऊन बाहेर. ज्याच्यावर अन्याय झाला तो बदला घ्यायला पुढच्या वर्षी असेलच असं नाही. उरतो फक्त फॅन. आणि या फॅनला टीम बदलता येत नाही. आयपीएलमध्ये आज मुंबई, उद्या चेन्नई, कोण विचारतंय? पण कॉलेज म्हणजे आडनाव. एकदा लागलं की लागलं.

हे मला शिकवलं माझ्या मावसभावानं. ठाण्यात असताना या माणसाला गल्ली क्रिकेटचीही आवड नव्हती. एमएस करायला मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला गेला. तिथल्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात, तीन वानखेडे आरामात मावतील. दोन वर्षांत त्याचं पार भजन झालं. आता न्यू जर्सीत घर आहे, दोन मुलं आहेत, फ्रीजवर गणपतीचा मॅग्नेट आहे आणि त्याच्या शेजारी मिशिगनचा पिवळा ‘एम’. त्याला कुठल्याही विषयावर बोलतं करा, होम लोन, शाळा, मावशीचा गुडघा, गाडी फिरून येते एकाच वाक्यावर : ‘‘जेटी शॉर्टच होता रे.’’

जेटी म्हणजे जे. टी. बॅरेट, ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक. तारीख २६ नोव्हेंबर २०१६. मिशिगन आणि ओहायो स्टेट म्हणजे भारत-पाकिस्तान, फक्त दरवर्षी. मॅच दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. चौथा डाउन, एक यार्ड हवा. बॅरेट घुसला आणि बरोबर त्या रेषेवर स्वतःच्याच माणसाच्या पाठीवर जाऊन आदळला. बॉलचं टोक पोचलं की नाही? पंच म्हणाले पोचलं. रिप्ले बघून म्हणाले, दिलेला निर्णय फिरवण्याइतकं काही दिसत नाही. पुढच्याच खेळीवर टचडाउन. ओहायो स्टेट ३०, मिशिगन २७. ओहायो स्टेट प्लेऑफला, मिशिगन घरी. मिशिगनचे कोच जिम हार्बॉ मॅचनंतर पंचांबद्दल जे काही बोलले, त्याबद्दल कॉन्फरन्सनं मिशिगनला दहा हजार डॉलर दंड ठोकला. माझ्या भावाकडे त्या क्षणाचा फोटो आहे, त्यावर लाल रेघ मारलेली. लग्नाचा अल्बम शोधायला त्याला अर्धा तास लागला, हा फोटो दोन सेकंदांत निघाला. खरं सांगू? मी तो फोटो चारदा पाहिला. मला काही कळलं नाही. पण हे त्याला सांगायची माझी छाती नाही.

मिशिगनवाल्यांचं दुःख तसं जुनं आहे. १ जानेवारी १९७९, रोझ बोल, समोर यूएससी. चार्ल्स व्हाइट गोल लाइनकडे झेपावला, रेषेच्या अलीकडेच बॉल हातातून सुटला, तो मिशिगननं पकडला. एका पंचानं टचडाउन दिला. यूएससी १७, मिशिगन १०. तेव्हा रिप्ले नव्हता.

‘रिप्ले नव्हता’ हे वाक्य आपण सगळे किती सहज म्हणतो. टेक्नॉलॉजी आली की भांडण मिटेल, असा आपला एक भाबडा समज आहे. तिकडेही होता. २००६ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये रिप्लेचा रीतसर नियम आला. सीझन सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, १६ सप्टेंबरला ओरेगनच्या मैदानावर ओक्लाहोमा. शेवटची मिनिटं, ओक्लाहोमा ३३-२७ नं पुढे. ओरेगननं आखूड किक मारली. ही ऑनसाइड किक. बॉल दहा यार्ड जायच्या आत किक मारणाऱ्या टीमनं त्याला हात लावायचा नाही. ओरेगनच्या खेळाडूनं लावला. वर त्या गर्दीतून बॉल चक्क ओक्लाहोमाचा खेळाडू घेऊन उभा होता. पंचांनी बॉल दिला ओरेगनला. रिप्ले बूथमधून उत्तर आलं : निर्णय कायम. मग ओरेगनचा टचडाउन. ३४-३३.

कॉन्फरन्सनं माफी मागितली, पंचांना एका मॅचसाठी बसवलं. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट डेव्हिड बोरन, म्हणजे आधी राज्याचे गव्हर्नर आणि मग सिनेटर राहिलेला माणूस, त्यांनी पत्र लिहिलं, की ही मॅच रेकॉर्डमधूनच काढून टाका. काढली नाही, अर्थात. आणि रिप्ले बूथमधल्या त्या माणसाच्या घरी फोन सुरू झाले. ठार मारू असे. तो रजेवर गेला.

मला या सगळ्या प्रकरणातलं डोक्यात जातं ते हे. कॉलेज फुटबॉलचे पंच बहुतेक पार्टटाइम. सोमवार ते शुक्रवार तुमच्या-माझ्यासारखी कुठेतरी नोकरी, शनिवारी शिट्टी. विचार करा, तुमच्या एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला चुकला आणि अनोळखी माणसं मध्यरात्री तुमच्या घरी फोन करून बायकापोरांना ऐकू जाईल अशा भाषेत बोलायला लागली. चूक मोठी होती, कबूल. ती पकडायलाच त्याला बूथमध्ये बसवलं होतं, हेही कबूल. पण त्या रात्री विजय घरी घेऊन गेला कोण? तो तर नाही. त्याला कुणी फोन केला नाही.

सिस्टिमची मजा बघा. २०१६ मध्ये ओक्लाहोमा स्टेट आणि सेंट्रल मिशिगन : वेळ संपली होती, नियमाप्रमाणे मॅच संपली होती, पंचांनी चुकून एक जादा खेळी दिली. त्या खेळीवर सेंट्रल मिशिगननं लांबच लांब पास फेकला, पकडणाऱ्यानं तो मागच्याला दिला आणि तो पळत सुटला. ३०-२७. पंच सस्पेंड, निकाल कायम. २०१५ मध्ये मायामी आणि ड्यूक : शेवटच्या किकवर मायामीनं बॉल आठ वेळा एकमेकांना मागे फेकत टचडाउन केला, मधल्या एकाचा गुडघा जमिनीला टेकलेला. रिप्ले मिनिटामागून मिनिटं बघितला आणि तरीही दिला. पंच सस्पेंड, निकाल कायम. आपल्या ऑफिसात एचआरचं एक ठरलेलं ईमेल असतं ना, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’? तेच.

मग फॅन आपापल्या परीनं सूड घेतात. त्यातला सगळ्यात क्यूट सूड स्टॅनफर्डचा. बे एरियात आपली इतकी मंडळी आहेत, की हा किस्सा तुम्ही एखाद्या मित्राकडून ऐकलाही असेल. २० नोव्हेंबर १९८२, बर्कली विरुद्ध स्टॅनफर्ड. स्टॅनफर्ड २०-१९ नं पुढे, चार सेकंद बाकी. बर्कलीच्या पोरांनी बॉल पाच वेळा मागे फेकत पळ काढला. स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं संपली मॅच, ते वाजवत मैदानात. शेवटचा खेळाडू बँडमधून वाट काढत गेला आणि टचडाउन करून एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा करून थांबला. २५-२०. एकाचा गुडघा टेकला होता, असं स्टॅनफर्ड म्हणतं. बर्कली म्हणतं, हट! दोघांमध्ये कुऱ्हाडीची एक ट्रॉफी आहे, तिच्यावर दरवर्षीचे स्कोअर कोरलेले असतात. ती स्टॅनफर्डकडे असली की १९८२ चा स्कोअर २०-१९ स्टॅनफर्ड असा होतो. बर्कलीकडे गेली की पुन्हा २५-२०. हे मला मनापासून पटलं. ना फोन, ना धमक्या. पाटी बदला, झोपा.

पण कोलोरॅडोकडे परत जाऊ. तिथं एक पान अजून उलटायचं आहे. त्यांचा कोच बिल मॅकार्टनी हा स्वतः मिझुरीचा माजी विद्यार्थी, तिथंच फुटबॉल खेळलेला. म्हणजे माहेरच्याच घरातून ताट उचलून आणलं. मॅच परत देणार का, असं त्याला विचारलं गेलं. त्यानं मैदानाला नावं ठेवली. घसरडं होतं, आमची पोरं पडत होती, म्हणून नाही देणार. मैदान घसरडं होतं हे खरंही असेल. पण त्यावरून मिझुरीची पोरंही धावत होती ना? आठ वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच मिझुरीत त्यानं त्या विजयाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर चॅम्पियनशिपच्या अंगठ्या बोटात रुतून बसल्या होत्या. मिझुरीवाल्यांचा खरा राग पाटीवाल्यावर नाही, असं मला वाटतं. ज्याला माहीत होतं आणि ज्यानं ठेवून घेतलं, त्याच्यावर आहे.

आणि हे मी हवेत बोलत नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वी डिट्टो हाच प्रकार घडून गेला होता. १६ नोव्हेंबर १९४०. न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर गाव, थंडी मी म्हणतेय. यजमान डार्टमथ, पाहुणे कॉर्नेल. कॉर्नेल म्हणजे तेव्हाची तोफ, सलग अठरा मॅच न हरलेली. डार्टमथ ३-० नं पुढे, शेवटचे क्षण, कॉर्नेल गोल लाइनच्या तोंडाशी. मध्येच एका पेनल्टीमुळे हिशेबाचा घोळ झाला. चौथ्या डाउनचा पास जमिनीवर पडला, म्हणजे काम तमाम. पण रेड फ्रीसेल नावाच्या रेफरीनं कॉर्नेललाच आणखी एक डाउन दिला. पास, टचडाउन, कॉर्नेल ७, डार्टमथ ३.

तेव्हा टीव्ही नव्हता. मॅचची फिल्म धुऊन यायची वाट बघावी लागायची. ती आली, कॉर्नेलवाल्यांनी बघितली, एक-दोन-तीन-चार मोजलं आणि पाचवर थांबले. फ्रीसेलनंही चूक मान्य केली. निकाल बदलायचा अधिकार त्यालाही नव्हता, वरच्यांनाही नव्हता. नियम १९९० ला होता तोच. ते नुसते गप्प बसले असते तरी कुणी काही वाकडं करू शकलं नसतं. सोमवारी कॉर्नेलनं डार्टमथला तार केली : मॅच तुमची. डार्टमथनं ती स्वीकारली. स्कोअर ३-०, कॉर्नेलच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्येही हार म्हणूनच. अठरा मॅचची माळ तुटली, नॅशनल टायटलचं स्वप्न गेलं आणि पुढच्याच शनिवारी पेननंही त्यांना हरवलं. चांगुलपणाचं बक्षीस वगैरे काही मिळालं नाही.

हा किस्सा मी परवा मावसभावाला सविस्तर लिहून पाठवला. तारखांसकट. तिकडे सकाळचे सात वाजले असतील. पाच मिनिटांत उत्तर आलं : ‘‘भारी आहे. पण ओहायोवाले असली तार कधीच करणार नाहीत. जेटी शॉर्टच होता.’’